दहा मिलिमीटर

प्रयोगशाळेत त्यांना सगळे बत्तीकाका म्हणत. काचेच्या बारीक नळीतून हेलियम सोडायचा, नळीवरच्या तांब्याच्या पट्टीला हजारो व्होल्ट द्यायचे, की नळीच्या तोंडाशी जांभळी ज्योत उभी राहते; उघड्या हवेत आणि हाताला थंड. जंतू मारते, पण कातडी भाजत नाही. पाहुणे आले की काका त्या ज्योतीत बोट धरून दाखवत. नळी आणि खालची जंतूंची बशी यांत दहा मिलिमीटर अंतर लागतं, ते काका नुसत्या नजरेनं लावत. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणायच्या, "काकांनी लावलंय ना? मग मोजायचं कशाला!" हे ऐकून अठरा वर्षं काकांच्या अंगावर मूठभर मांस चढत आलं होतं.

शेवटी ते मांसच नडलं. मॅडमनी तीन वर्षं खपून केलेल्या नव्या नळीची चाचणी होती. भाजलेल्या रुग्णांच्या जखमांसाठी ती इस्पितळात जायची होती. नेमके तेव्हाच पाहुणे टपकले. बोट घालायला काकांनी नळी वर सरकवली, चार कौतुकाचे शब्द ऐकले आणि ती खाली आणायची साफ विसरले. जंतू पेरलेल्या वीस बशा तशाच ज्योतीखालून काढल्या. दिव्यांच्या उजेडात ज्योतीचं टोक दिसत नाही. ते बशीला टेकतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं आणि वर राहिलेली नळी काकांना दिसली. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी ती गुपचूप खाली सरकवली.

मॅडमनी बशा पाहिल्या. मधोमध जिथे स्वच्छ गोल दिसायला हवा, तिथेही जंतू दाट माजलेले. "माझंच गणित चुकलं," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. हेलियमही संपला होता; नवा महिन्याने येणार, आणि नळी चालते की नाही ते इस्पितळाला कळवायचं होतं या शुक्रवारी.

उद्या सांगू, काका मनाशी म्हणाले. निवृत्तीला चार महिने उरलेले, एवढ्या वर्षांच्या नावाला बट्टा कशाला? उद्याचा परवा झाला. घरी ते भरलं ताट तसंच सरकवून उठले. बायको म्हणाली, "चोरीबिरी केलीत की काय?"

"चोरीच म्हण," काका म्हणाले. तिला सगळं सांगताना त्यांना स्वतःची शरम वाटली.

"मग इथे काय सांगत बसलात? जिचं चोरलंत तिला सांगा."

शुक्रवारी सकाळी शेजारच्या विभागाच्या हातापाया पडून काकांनी अर्धा सिलिंडर मिळवला, ढकलत आणला आणि मॅडम नकाराचं पत्र लिहीत होत्या तिथे उभे राहून सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "नळी वर राहिली, ते ठीक आहे हो. चुकतं माणसाचं. पण चार दिवस मी स्वतःला मूर्ख म्हणत होते, आणि तुम्ही मला चहा आणून देत होतात."



मॅडमनी पत्र बाजूला ठेवलं. "इस्पितळाकडून दोन दिवस मागून घेते. चला, लावा."

काकांनी बशी ठेवली, नळी खाली आणली आणि नजरेनं अंतर साधलं. "लावली," असं म्हणून ते बाजूला झाले. मॅडमनी खण उघडला, मोजपट्टी काढली, वाकून अंतर मोजलं. बरोबर दहा भरलं.

दुसऱ्या बशीलाही त्यांनी मोजलं.