धुतलेला सदरा

बूटपॉलिशचा वास आला की मी अजून माझी बोटं बघतो. पिंपरीच्या आमच्या कॉलेजातले तास कारखान्याच्या भोंग्यावर सुटायचे, तेव्हाची गोष्ट. स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ होतं आणि वर्गातला एकुलता एक ठाकर मुलगा चाकणच्या पलीकडच्या डोंगरातल्या वाडीवरून वडिलांचा ढोल घेऊन आला होता. “सर, आमी नाचताना धुतलेला सदरा घालतो,” तो हळूच म्हणाला. सर हसले. “मग लोकांना आदिवासी वाटणार कसा?” त्यांनी त्याचा सदरा काढायला लावला, कमरेला कोंबड्याची पिसं बांधली आणि रंगरंगोटी करणाऱ्या माझ्याकडे त्याला ढकललं. मी बाकीच्या आठ पोरांसारखं त्याच्याही तोंडाला, पाठीला काळं पॉलिश फासलं. तो डोळे मिटून उभा राहिला. नाच सुरू झाला. घामाने वितळलेल्या पॉलिशचा दर्प सभागृहभर पसरला, पोरं हू हू ओरडली, लोक खिदळले. कोपऱ्यात पांढऱ्याशुभ्र धोतर-सदऱ्यात त्याचे वडील उभे होते. त्यांनी मला विचारलं, “यातला माझा पोर कंचा?” मी बोट दाखवलं. ते आधी माझ्या काळ्या बोटाकडे बघत राहिले. आज नातवाच्या शाळेत तोच नाच आहे. सुनेने सांगितलेली पॉलिशची डबी मी मघाशीच विकत आणली.