खाडीकडच्या शेतात मी टाकलेली चार गोडाऊन

आधी कबूल करा, हसणार नाही. मगच सांगतो. कारण हसण्यासारखं काही नाहीच त्यात. मी आमची वाडवडिलांची जमीन घालवली होती. रविवारी दुपारी, बनियनवर बसून, माऊसने!

मी तेव्हा बारावीला. आमचं गाव अंजूर. आमचं आणि मोठ्या काकांचं घर भिंतीला भिंत लागून. बाबा भिवंडीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, काका शेतीवर. "अभ्यासाला लागतो, अभ्यासाला लागतो" अशी वर्षभर भुणभुण लावली तेव्हा कुठे बाबांनी कॉम्प्युटर घेतला. आईने जुन्या साडीचं कव्हर शिवलं, झालर लावून. काकीने हळद-कुंकू वाहिलं. आणि बाबांनी तिथल्या तिथे दम भरला, "या डब्यापायी घरात एक जरी कटकट झाली ना, तर आला तसा परत जाईल. समजलं?"

समजलं. मी मान डोलावली आणि अभ्यासाला लागलो. म्हणजे गेम टाकला.

गेम होता शहर वसवायचा. तुम्ही मेअर. रस्ते तुमचे, घरं तुमची, पाण्याची लाईन तुमची. मी शहराचं नाव ठेवलं अंजूर. खाडी काढली, आमची शेतं काढली, खाडीकडच्या तुकड्यात बांधालगत आंबासुद्धा लावला. आमच्या खऱ्या शेतात आहे ना, अगदी तिथेच. इतक्या मायेने तर मी कधी जर्नलसुद्धा लिहिलं नाही!

पण शहर वाढलं की त्याला गोडाऊन लागतात. आता जागा कुठली द्यायची? खाडीकडचाच तुकडा मोकळा होता. फिरवला बुलडोझर.

एवढा पराक्रम केल्यावर माणूस गप्प बसेल का? लगेच पश्याला फोन. पश्या माझा शेजारच्या कोन गावचा दोस्त, तोही हाच गेम खेळायचा. आम्ही एकमेकांना शेठ म्हणायचो. आमच्याकडे एका रिक्षाचा मालकसुद्धा शेठ असतो हो, आम्ही तर अख्ख्या शहरांचे होतो.

आता इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, आमचा आणि काकांचा फोन पॅरलल. लाईन एक, डबडी दोन. इकडे कुणी बोलत असलं आणि तिकडे उचलला की सगळं ऐकू जायचं. आणि दोन, माझा आवाज नुकताच फुटला होता. फोनवर मी हॅलो म्हटलं की पाहुणे सुरू व्हायचे, "काय बाळाराम, बरा हायेस ना?" बाळाराम म्हणजे आमचे बाबा.

काकीने बहिणीला फोन लावायला रिसीव्हर उचलला, आणि तिच्या कानात पडलं ते असं:

"काय शेठ, खाडीकडचं काय झालं?"

"झालं की शेठ! सगळं साफ केलं. आंबा पाडला, चार गोडाऊन टाकली."

"लोकं गप्प बसली?"

"बोंबलतायत. बोंबलू दे! जास्त बोंबलली तर घरं पाडतो त्यांची."

आता मला सांगा, काकीचं काय चुकलं?

दुसऱ्या दिवसापासून काका आमच्याकडे चहाला यायचे बंद झाले. आईने सुक्या बोंबलाच्या कालवणाची वाटी पाठवली, ती रिकामी परत आली. धुऊन, पुसून, रिकामी! आमच्या दोन घरांत वाटी कधी रिकामी फिरत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी असते. आई वाटीकडे बघतच बसली. "माझं काही चुकलं का रे?" मला विचारते. मी म्हटलं, "मीठ जास्त पडलं असेल."

म्हणजे बघा, अकलेचा उजेड!

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? नाक्यावर वसंतशेठ भेटले. वसंतशेठ आमच्याकडचे जमिनीचे एजंट. गेमची सीडी मी त्यांच्याच पोराकडून आणली होती, तेव्हा मला वाटलं पोराने घरी सांगितलं असणार. त्यांनी गाडी बाजूला घेतली, गॉगल वर केला आणि हळूच विचारलं, "काय रे, खाडीकडे गोडाऊन टाकली म्हणे?"

माझी छाती अशी फुगली! "चार! आणि रस्ता डायरेक्ट मानकोलीच्या हायवेपर्यंत."

"आणि परवानगी?"

"परवानगी कशाला लागते? सगळं आपल्याच हातात आहे!"

वसंतशेठांनी गॉगल खाली केला, किक मारली आणि गेले. जाताना मला 'शेठ' म्हणून गेले. मी आपला घरापर्यंत शीळ घालत आलो.

पुढच्या रविवारी सकाळी कोनहून आत्या आली. चपला न काढताच कडाडली, "बाळाराम, माझी सही कुठं घेतलीस? का अंगठा कुणा दुसरीचा लावलास?" तिच्या पाठोपाठ वसंतशेठ, बगलेत फाईल. मग काका आणि काकी. काका आमच्या ओटीवर पाहुण्यासारखे कडेला बसले. पाणी दिलं तर घेतलं नाही.

बाबांना कशाचाच पत्ता नाही. "दादा, कसली जमीन? कसली सही?"

"बोलू नको बाल्या." काका म्हणाले. "बापाने त्या आंब्याखाली आपल्या दोघांचे हात एकात एक दिले होते. इकायची होती तर मना बोलायचं होतं. मी नको बोललो असतो, पण बोलायचं होतं." आणि त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

काकांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. बाबा तर पांढरे फटक पडले.

"मी माझ्या कानानं ऐकलंय," काकी म्हणाली. "आंबा पाडला. चार गोडाऊन टाकली. लोकं बोंबलतात तर बोंबलू दे!"

चार! बोंबलू दे! अरे, हे तर माझंच भाषण!

आता बोललो तर कॉम्प्युटर जातो. नाही बोललो तर काका जातात. खोटं कशाला सांगू, एक क्षण मी खरंच विचार केला. मग काकांचं ते उपरणं दिसलं आणि तोंडातून निघून गेलं, "काकी, ते बाबा नव्हते. मी होतो. आणि जमीन... जमीन कॉम्प्युटरमध्ये आहे."

वसंतशेठ तेवढे पुढे सरकले, "म्हणजे सात-बारा ऑनलाईन झाला?"

सगळी वरात आतल्या खोलीत. मी मशीन चालू केलं, गेम उघडला, आणि गेली ना लाईट! यूपीएस कोकलायला लागला, टीं टीं टीं. दहा मिनिटांचा जीव त्याचा.

"ही आपली खाडी," मी बोट ठेवलं. "ही तळ्याकाठची जमीन. हा खाडीकडचा तुकडा."

काका पडद्याला नाक लावून बघत होते. "आणि यो पत्रा?"

"गोडाऊन आहेत काका. पण खोटी."

"माझा हिस्सा कुठला यात?" आत्या.

"रोड टच हाय हो!" वसंतशेठ कळवळून म्हणाले. "काय लोकेशन हाय!"

"शेठ, तुम्ही बाहेर व्हा," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू, उद्या हा डबा..."

"थांब बाल्या." काकांनी हात वर केला. नजर पडद्यावरच. "पोरा, पाड ती."

मी बुलडोझर फिरवला. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक गोडाऊन पडताना धडाम् आवाज यायचा आणि काका "हां!" म्हणायचे.

"आता आंबा लाव. तिथं न्हाय! बांधाच्या अंगाला. जरा इकडं. हां... तिथंच."

आंबा लागला. काका हसले. बाबा हसले. काकी पदर तोंडाला लावून खिदळायला लागली. आणि यूपीएसने मान टाकली.

अंधारात काकांनी विचारलं, "राहील ना आता तो?"

मी सेव्ह केलं नव्हतं.

संध्याकाळी लाईट आली, गेम उघडला, चारही गोडाऊन जागच्या जागी उभी! काकांनी कपाळाला हात लावला. "बाल्या, डबा परत करू नको. याच्या हातात ठेवू पन नको. माझ्याकडं ठेव. जमीन माझ्या नजरेसमोर पायजे."

झालं! बाबांनी स्वतः उचलून दिला. झालरवाल्या कव्हरसकट. त्या संध्याकाळी काकीकडून वाटी आली, त्यात खोबरं घातलेली वालाची भाजी. आई खूश, बाबा खूश. आणि मी आपला जर्नल लिहीत बसलो, खरोखरचं.

महिनाभराने मी पश्याला फोन करायला रिसीव्हर उचलला, तर लाईनवर आधीच कुणीतरी बोलत होतं.

"काय शेठ," हा पश्या. "खाडीकडचं काय झालं?"

"भात लावला शेठ!" हे काका. "आख्खा पट्टा हिरवागार. लोकं खूश हायेत."

"क्या बात है! आणि तो कसा आहे? खेळतो की नाही?"

"कोन, आमचा पोरगा?" काका सुस्कारा टाकून म्हणाले. "त्याला नको बोलवू शेठ. लय भोला हाय तो. साधं सेव्ह करायचं कलत न्हाय त्याला!"