पुण्याच्या वाटेतले शंभर किलोमीटर

हिंगोलीच्या मोंढा बाजारात मला फसवणारा अजून जन्मला न्हाई. कारण दुसऱ्याचा नंबर लागायच्या आत मी सवताच फसून मोकळा होतो.

मी हळदीच्या पोत्यांचा हमाल. शाळा पाहिली ती पोरीला सोडायला जाताना. पोत्यावरचे आकडे तेवढे वाचता येतात, म्हणून आकड्यात मला कोणी गंडवू शकत न्हाई, असा आपला माझा समज.

मागच्या साली पोरीला पाहायला पुण्याचे पाव्हणे आले. पोरगा कंपनीत कामाला, संगं त्याचा बाप. पोहे झाले. रीतीनं त्यायनं पोरीला इचारायचं असते, पण मीच पोराला इचारलं, "पुणं इथून किती पडते?"

त्यानं फोनवर बोट फिरवलं. "पावणेचारशे किलोमीटर, मामा."

मला बरं वाटलं, ऐकलं होतं त्यापरीस जवळ निघालं. मंग वाटलं, बरं काहून वाटून राहिलं? पाणी द्यायच्या निमित्तानं भाईर त्यांच्या डायवरकडं गेलो. "किती झालं रे पुण्याहून?"

"पावणेपाचशे," तो म्हणला. "कंबर गेली."

शंभराचा फरक. शंभरात आमचं नांदेड येऊन जाते. जो पोरगा अख्खं नांदेड खिशात घालते, तो पगार खरा सांगणार व्हय? मंग मला सगळंच दिसाया लागलं. बाप चहा हळूहळू पिऊन राहिला, म्हणजे जवाब जुळवून राहिला. पोराचे केस जरा जास्तच काळे.

आत जाऊन फौजदारावानी उभा राहिलो. "तुमचा डायवर येगळं सांगते."

"मामा, मी सांगितलं ते हवेतलं अंतर," पोरगा म्हणला. "विमान जातं तसं, सरळ. रस्ता वळतो."

"मंग विमानानं आले का?"

"नाही."

"घरी हाये का विमान?"

कोणी हसलं न्हाई. मीच हसलो. बापानं कप बशीत ठेवला, "कळवतो" म्हणला, आन गाडी गेली. मी चोर पकडल्यावानी छाती काढून घरात आलो.

 पोरीनं शाळेतला जुना नकाशा काढला, माझ्या खिशातली पोते शिवायची सुतळी घेतली. हिंगोली ते पुणे सरळ ताणली आन पुण्यावर गाठ मारली. मंग तीच सुतळी रस्त्याच्या लाल रेघेवर वळणावळणानं बसवत नेली. गाठ आली तिथं बोट ठेवून ती म्हणली, हे नगर. पुणं आजून शंभरेक किलोमीटर पुढं.

तिनं ढिली धरली असंल, म्हणून मी सवता दोनदा बसवली. दोन्ही बार नगर. पोरगा बराबर होता.

लाज वाटायच्या आधी मला दुसराच संशय आला. "पोरी, गाडीनं पावणेपाचशे. इतक्या लांब जायला तू राजी काहून?"

तिनं तिचा फोन माझ्या हातात दिला. पोराच्या बापाला लावलेला, घंटी वाजून राहिली होती.

"माफी मांगा आधी," ती म्हणली. "आन लांब हाये म्हणूनच राजी हाये, बाबा. जवळ असतं तर तुमी आठवड्याला येऊन हेच केलं असतं."