खिडकीशी उभे राहिलेले साहेब

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या शाळेत तेव्हा वाचनाची परीक्षा घ्यायला बाहेरून साहेब येत. मी तिसरीत होते. "नापास झालंस तर शाळा बंद. काजूच्या कारखान्यात काजी सोलूक जायचा," असं बाबांनी बजावलं होतं.

त्या वर्षीचे साहेब काळ्या कोटातले, अगदी हळू बोलणारे. माझी पाळी आली आणि मी पुस्तकाआड तोंड लपवलं. गुरुजींनी छडी उचलली. साहेबांनी ती त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली आणि खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ केली.

"भियाव नको गो. माका नको, शेजारणीक वाचून दाखय."

मी बाकावरच्या शेजारणीच्या कानाशी धडा कसाबसा संपवला.

"गोष्टीत कोण होतो?" त्यांनी विचारलं.

मला काहीच आठवेना. आता काजूचा कारखानाच, असं वाटलं.

साहेब वळले नाहीत. "भियान वाचलेला डोक्यात रवणा नाय. माझापण तसाच व्हायचा. परत वाच, आता तुझ्यासाठी."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पण या वेळी धड्यात एक कोल्हा होता आणि तो विहिरीत पडला होता. तो आता बाहेर कसा येणार, या धास्तीने मी भराभर पुढे वाचत गेले. साहेबांनी मला पास केल्याचं शेजारणीने नंतर सांगितलं.