चाकांवरच्या घरात माझी जागा

मुलाने कॅरॅव्हॅन घेतली त्या आठवड्यात त्याने मला माझं वजन विचारलं. मी सांगितलं नाही.

कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. मोठ्या गाडीच्या मागे आकड्याला अडकवून ओढायचं. आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास, सगळं. देश सोडून जाणाऱ्या एका गोऱ्या कुटुंबाकडून त्याने ती घेतली. लांबी एवढी, की ओमानमधल्या दार्सैतच्या आमच्या गल्लीत ती वळेल की नाही हे बघायला तो आधी टेप घेऊन गल्ली मोजून आला.

हे सगळं दुक्मपायी. त्याचं काम तिकडे गेलं. दुक्मला रिफायनरी आहे, बंदर आहे, आणि सगळे पुरुष. कंपनी एकट्या माणसाला खोली देते, बायकापोरांना नाही. वर्षभर तो महिन्यातून एकदा घरी आला. पहिला दिवस झोपायचा, दुसऱ्या दिवशी सुनेशी भांडायचा, तिसऱ्या दिवशी परत निघायचा. शेवटी दोघांनी ठरवलं, फ्लॅट सोडायचा आणि चाकांवरचं घर घेऊन सगळ्यांनी तिकडेच राहायचं. कंपनीच्या कुंपणाच्या आत ते उभं करायला जागा मिळाली, पाणी आणि वीजही मिळाली. नात कॉम्प्युटरवर शाळा करणार. सुट्टीत घर घेऊन हिंडायचं.

सगळ्यांनी म्हणजे त्या तिघांनी. मला पुण्याला मुलीकडे पाठवायचं होतं.

मुलगी चांगली आहे, जावईही चांगला आहे. पण त्यांचं घर अकराव्या मजल्यावर, दोघं सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. मागे मी तिथे पावसाळाभर राहिले. खिडकीतून दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या बघायच्या आणि जेवण गरम करायचं. खाली उतरले तर वॉचमन विचारायचा, आजी, कुठे निघाला? मी निघाले आहे, कुठे ते माझं मला ठाऊक नाही, असं त्याला कसं सांगणार? मला एका जागी बसवत नाही. हातपाय चालत असताना मला ठेवून दिलेलं आवडत नाही.

मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, "आई, तिथे दवाखाना लांब आहे."

"इथे खालीच आहे. मी कितीदा गेले?"

"धूळ आहे खूप."

"धूळ मला नवी आहे का?"

यावर तो गप्प झाला. त्याचे वडील आणि मी रस्त्याच्या कामावर होतो. ते डांबर टाकायचे, मी खडी वाहायची. रस्ता पुढे सरकला की आमचं पाल पुढे सरकायचं. पाल म्हणजे चार काठ्या आणि वरून फाटकी ताडपत्री. हा त्या पालातच जन्मला. शाळेत हुशार निघाला, शिष्यवृत्त्या मिळाल्या, इंजिनिअर झाला. पहिल्या पगारात त्याने मला भाड्याचं का होईना पक्कं घर दिलं. तेव्हापासून धुळीचा विषय निघाला की तो गप्प होतो.

"बरं," तो म्हणाला. "आधी समुद्राकाठी सूर गावाला ट्रायल मारू. दोन रात्री राहू. जमतं का बघू, मग ठरवू."

ठरवू म्हणजे माझं ठरवू. ते तिघं जाणार हे ठरलेलंच होतं.

तयारी सुरू झाली. सोफा गेला, कपाट गेलं, फ्रीज शेजारच्या केरळी बाईने नेला. उरलं ते कॅरॅव्हॅनमध्ये भरायचं. आखातातली माणसं सामान एकाच पद्धतीने भरतात. विमानात तीस किलो नेता येतं म्हटलं की तीस किलोच भरायचं, एक किलो कमी भरणारा मूर्ख. आमच्या घरी हाताने धरायचा वजनकाटा आहे, त्याला बॅग लटकवायची. मुलाने तोच काढला. गाडीच्या कागदावर जेवढा भार लिहिला होता तेवढा भरेपर्यंत नवराबायको थांबले नाहीत. तांदूळ, आटा, दोन कुकर, लोणच्याच्या बरण्या, पाण्याचे कॅन. मागच्या पलंगाखाली मोठी जागा होती आणि बाहेरून रुंद दार. त्यामुळे जड ते सगळं तिथे गेलं. बुद्धाची मूर्ती तेवढी सुनेने खिडकीपाशी दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवली. मी म्हटलं, पडेल. ती म्हणाली, "पडणार नाही आई, ही टेप आरसा धरते."

शुक्रवारी सकाळी निघालो आणि गल्लीच्या वळणावर अडकलो. कोपऱ्यावर कुणाची तरी गाडी उभी होती. मागे घ्यायची तर कॅरॅव्हॅन उलटी चालते. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ती उजवीकडे जाते. मुलगा आठवडाभर मोकळ्या मैदानात शिकला होता, पण मैदानात माणसं नव्हती. इथे किराणावाला आला, इस्त्रीवाला आला, मागे अडकलेला ओमानी टॅक्सीवाला आला. किराणावाला हाताने म्हणतो ये, इस्त्रीवाला म्हणतो थांब, टॅक्सीवाला छतावर थापा मारतो, "यल्ला, यल्ला!" सून मागे उभी राहून लेफ्ट लेफ्ट करत होती.

"कुणाचं लेफ्ट?" मुलाने काचेतून डोकं काढून विचारलं.

"माझं."

"तुझं लेफ्ट माझ्या काय कामाचं?"

"मग तू उतर आणि मी चालवते."

टॅक्सीवाल्याला मराठी येत नव्हतं, पण तो हसला. नवराबायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. शेवटी कोपऱ्यावरच्या गाडीचा मालक लुंगीवर खाली आला आणि त्याने गाडी काढली. "खलास," म्हणून टॅक्सीवाला आमच्यापुढे निघून गेला. माझ्या मुलाचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि आम्ही अजून दार्सैतमध्येच होतो.

कुरियात गावाच्या अलीकडे रस्ता डोंगरातून उतरतो. मोठा, चांगला रस्ता. तिथे उतारावर मागचं घर हलायला लागलं. आधी थोडं, मग शेपटीसारखं डावीकडे उजवीकडे, आणि त्याच्याबरोबर आमची गाडीही. नातीने माझा हात धरला. सून म्हणाली, ब्रेक मार. मुलाने मारला, तर ते आणखी जोरात हललं. मग त्याने पाय काढून घेतला आणि स्टिअरिंग नुसतं घट्ट धरून ठेवलं. वेग कमी होत गेला तसं हलणं थांबलं. पुढच्या पेट्रोल पंपावर त्याने गाडी कडेला घेतली, उतरला आणि लांबून घराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मागे जड झालंय. शेपटी खाली गेलीय, नाक वर आलंय."

मागचं दार उघडून तो सगळं बाहेर काढायला लागला, चाकांच्या वरच्या भागात ठेवायला. ऊन चढलं होतं. आट्याच्या पिशव्या उचलता उचलता तो बोलून गेला, "तरी एक माणूस कमी असतं तर..."

"मी घरात बसत नाही, गाडीत बसते," मी म्हटलं. "माझं वजन मागच्या घरात धरू नको."

त्याने पुढची पिशवी उचलली. नातीला तो हाताखाली घेत होता. सून आणि मी पंपाच्या सावलीत कट्ट्यावर बसलो. मी तिला विचारलं, "खरं काय ते सांग. दवाखाना, धूळ, वजन, हे सगळं ऐकलं मी."

तिने चहाचा कागदी कप कट्ट्यावर ठेवला. मग म्हणाली, "राग मानू नका. आत एक पडदा आहे फक्त. एका बाजूला तुम्ही आणि पोरगी, एका बाजूला आम्ही. वर्षभर आम्ही नवराबायको फोनवर होतो, आई. आता परत हळू आवाजात बोलायचं म्हणजे..."

"पोरीचं काय मग?"

"ती पडली की झोपते. तुम्ही पहाटे चारला उठता."

हे खरं होतं. मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि वर्षभर थांबले नसते. मी विचारलं, "ती कॅरॅव्हॅनला बाहेरून लावायची कापडाची खोली आहे ना, ती किती मोठी आहे?"

"तुम्ही तिथे झोपणार?"

"का, वाघ येतो?"

"वाघ नाही. उंट येतील."

"येऊ दे. उंट घोरत नाही. तुझा नवरा घोरतो."

ती हसली. ती माझ्याशी अशी हसलेली मला फार वेळा आठवत नाही. पंपावरून निघाल्यावर घर हललं नाही. मुलगा मात्र सूर येईपर्यंत दर मिनिटाला आरशात बघत होता.

सूरला समुद्राकाठी मोकळ्या जागेत आम्ही घर उभं केलं. सुनेने ती कापडाची खोली काढली आणि त्याला म्हणाली, आई इथे झोपणार आहेत, दुक्मलाही. त्याने हातातली खुंटी खाली टाकली.

"माझी आई पालात झोपणार नाही."

नातीने विचारलं, "पाल मीन्स लिझर्ड ना?"

"हे पाल नाही," सून म्हणाली. "ह्याला खिडकी आहे, चेन आहे."

"काहीही असू दे. कंपनीत लोक काय म्हणतील? साहेब आत एसीत, आई बाहेर कापडात?"

"म्हणतील, म्हातारी हट्टी आहे," मी म्हटलं. "खरंच आहे ते."

"आई, मी एवढं शिकलो ते ह्याच्यासाठी नाही."

"मग कशासाठी शिकलास? मला अकराव्या मजल्यावर ठेवायला? तू पालात जन्मलास ह्याची लाज तुला वाटते, मला नाही. तेव्हा मला पर्याय नव्हता. आता आहे, आणि मी हे निवडते. पाठ माझी आहे. कुठे टेकायची ते मी ठरवीन."

तो पाण्याच्या कडेने लांब चालत गेला. खुंट्या सून आणि मी ठोकल्या. वाळूत नीट बसल्या नाहीत, पण खोली उभी राहिली. मी तिथेच झोपले.

पहाटे उठून बाहेर आले. खाडीच्या बाजूला लाकडी बोटी बांधतात, तिथे एक अर्धी झालेली बोट फळकुटांच्या टेकूवर उभी होती. मी जवळून बघून परत आले तेव्हा मुलगा दोऱ्यांपाशी उकिडवा बसला होता.

"झोप लागली?" त्याने विचारलं.

"लागली. तुला?"

"नाही. कापड वाजत होतं वाऱ्याने."

"मग घट्ट बांध."

त्याने एक खुंटी हलवून बघितली. मला वाटलं आता पुण्याचं काढेल. तो म्हणाला, "दुक्मला वारा ह्याच्या दुप्पट असतो. ह्या खुंट्या तिथे टिकणार नाहीत."

न्याहारी झाल्यावर तो मला घेऊन बाजारात गेला. बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानातून त्याने जाड दोर, लांब लोखंडी खुंट्या आणि शिडाचं जाड कापड घेतलं. दुकानदाराने हिंदीत विचारलं, बोट कितनी बडी है? माझा मुलगा म्हणाला, "बोट नहीं है. माँ का कमरा है." दुकानदाराला ते कळलं नाही, पण त्याने दोर जास्त मोजून दिला. बाहेर आल्यावर मुलाने बहिणीला फोन लावला आणि आई येत नाही एवढंच सांगितलं. ती पलीकडून बराच वेळ बोलत होती. तो हो हो म्हणत दोर खांद्यावर टाकून चालत राहिला.

आता दुक्मला येऊन बरेच दिवस झाले. वारा खरंच दुप्पट आहे. डाळीत वाळू येते, केसांत वाळू येते, खोली मात्र हलत नाही. पडद्याआड ते दोघं भांडतात ते मला अर्धंच ऐकू येतं, आणि भांडत नाहीत तेव्हा काहीच ऐकू येत नाही. कंपनीतली माणसं आधी माझ्याकडे बघायची, आता संध्याकाळी येऊन चहा पितात. मुलगाही येतो. खाली बसत नाही, दारात उभा राहून पितो, आणि जाताना दोर ओढून बघतो.

एकच त्रास आहे. आल्यापासून घर जागचं हललेलं नाही. चाकांना दगड लावून ठेवलेत. मी कुंपणाच्या कडेने सकाळ संध्याकाळ फेऱ्या मारते आणि फाटकातून बाहेर पडणारे ट्रेलर बघते. काल मुलाला विचारलं, निघायचं कधी? तो म्हणाला, "इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात." मी म्हटलं, इन्शाल्ला मला नको. तारीख सांग.