किती वॅट?
मी पदवीधर झालो तो मामामुळं; माझी फी त्यानंच भरली. परवा इथं, गावापासून खूप लांब, शेजाऱ्यानं नव्या स्पीकरचा खोका उघडला आणि त्या कोऱ्या वासानं मला जालना रोडवरचं स्पीकरचं दुकान आठवलं. मामा जत्रेत ओव्या गायचा, पण घसा बसल्यापासून आवाज मागच्या माणसांपर्यंत पोचेना, म्हणून गाणंच सोडायला निघाला होता. मी त्याला स्पीकर घ्यायला शहरात आणलं. दुकानदारानं विचारलं, "किती वॅट?" मामा म्हणाला, "वाट लई नाय, गाव करमाडच्या जरा पुढं." सगळे हसले, मामाही हसला. दुकानदारानं लावलेला छाती हादरवणारा डीजेचा स्पीकर मामानं बंद करायला लावला. मग एका हातानं उचलता येईल असा, बॅटरीवरचा स्पीकर पुढं ओढला, मला रस्त्यापलीकडं उभं केलं आणि माईकवर अगदी हलक्या आवाजात ओवी म्हटली. "भाच्या, सबूद कळत्यात का रं?" मी नुसता हात वर केला. काल त्याला पत्र टाकलं: "मामा, एवढ्या लांबूनही कळत्यात."