कबरीपुरतं उत्खनन

डॅन्यूबच्या मैदानात जुन्या वस्त्यांची पांढरीची टेकाडं पुष्कळ. पण पुरातत्त्वाची अभ्यासक दोमनिका, तिचा जीव ज्या टेकाडात अडकला होता, त्याच्यावर नेमकं गावाचं कबरस्तान होतं. खाली सहा हजार वर्षांमागची घरं, वर गावाचे आजे-पणजे. तिथे खणू द्यायला कायदा तयार नव्हता आणि गावही. जिल्ह्याच्या संग्रहालयात ती कामाला लागली तेव्हा ऐन तारुण्यात होती. आता केस पिकले, आसपासची बाकीची टेकाडं अभ्यासून झाली, हे एक राहिलंच.

वाट एकच होती. गावात कोणी गेलं, की कबर खणणारा पांदेले तिला फोन करी. उघडी कबर रात्रभर रिकामी ठेवायची नाही अशी रीत, म्हणून खणणं दफनाच्या दिवशी सकाळीच. दोमनिका खड्ड्यात उतरायची, मातीचे थर बघून चित्रं काढायची, चार खापरं उचलायची आणि पाद्री यायच्या आत बाहेर पडायची. लोक तिला तोंडावर ‘बाई’ म्हणत, पाठीमागे ‘घार’.

एकटी साफ्ता म्हातारी तिला घरी नेऊन मक्याच्या पिठाची गरम मामालिगा आणि चीज वाढायची.

“तुझ्यासाठी तरी मला लवकर मरायला हवं,” ती म्हणायची. “माझी एवढी वाट दुसरं कोण बघतंय?”

“मावशी, काहीतरीच काय बोलता!”

“खोटं आहे? खा गुमान.”

मार्चमध्ये फोन आला. “बाई, आपली साफ्ता गेली,” पांदेले म्हणाला.

दोमनिका रडली. मग तिच्या मनात आलं, साफ्ताचा नवरा टेकाडाच्या पश्चिम अंगाला पुरलाय आणि त्या अंगाला कित्येक वर्षांत कोणी खणलेलं नाही. हे मनात आल्याची तिची तिलाच लाज वाटली.

दफनाच्या सकाळी पांदेलेची कुदळ लाल, भाजल्या मातीला लागली. जळून कोसळलेल्या घराच्या भिंती होत्या त्या. खाली सारवलेली जमीन आणि तिच्यावर ओळीने मडकी, आग लागली त्या दिवशी होती तशीच उभी. त्या घरात कोण कुठे रांधायचं, धान्य कुठे ठेवायचं, सगळं तिथे जसंच्या तसं होतं. आयुष्यभर ती असं एक घर शोधत होती.

“पांदेले, थांबा.”

“किती वेळ?”

“निदान महिनाभर तरी.”

“बाई, दुपारी प्रेत येतंय,” तो हळूच म्हणाला.

ती धावत साफ्ताच्या घरी गेली. मुलगा इलारी स्पेनहून आला होता. तिकडे तो इमारतींवर काँक्रीटची कामं करायचा. शवपेटीजवळ मेणबत्ती सारखी करत तो उभा होता.

“इलारी, कबर दोन हात बाजूला घेता येईल?”

“बाबांपासून लांब?”

“दोनच हात.”

तो रागावला नाही. “ताई, मी इतकी वर्षं आईपासून लांब राहिलो. आता तिलाही बाबांपासून लांब करू? पण ती तुम्हाला मुलीसारखी मानायची. तुम्ही सांगाल तसं करतो.”

त्याने नकार दिला असता तर ती भांडली असती. तिने साफ्ताच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हनुवटीला रुमाल बांधलेला होता.

“आहे तिथेच असू दे,” ती म्हणाली.

परत येऊन ती माती खरवडायची करणी घेऊन खड्ड्यात बसली. दोन मडकी तुकड्यातुकड्यांनी निघाली. तिसऱ्याचं बूड जमिनीला घट्ट धरून होतं. तेवढ्यात चर्चची घंटा झाली. ती वर आली, कपडे झटकले.

“खणा,” तिने पांदेलेला सांगितलं. कबर अजून कंबरभर खोल जायला हवी होती. मडकी फुटल्याचे आवाज येत राहिले. ती तिथून हलली नाही. शेवटी तिनेही सगळ्यांसारखी मूठभर माती टाकली.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला इलारी पुन्हा आला. आईवडिलांच्या कबरीभोवती आणि स्वतःसाठी राखलेल्या शेजारच्या जागेत खोल खणून त्याने काँक्रीटच्या भिंती घातल्या.

“आता थेंबभर पाणी आत जायचं नाही,” तो म्हणाला. “नीट झालंय ना, ताई?”

“नीट झालंय.”

ते पाहून शेजारपाजारचेही आपापल्या कबरींसाठी त्याच्या मागे लागले. रजा शिल्लक होती, तोही कोणाला नाही म्हणाला नाही.

उपसलेल्या मातीचा ढीग कुंपणाशी पडला होता. दोमनिका त्याच्यापाशी उकिडवी बसून खापरं वेचू लागली. पुष्कळ होती, रंगीतही होती. कुठलं कुठून निघालं, हे मात्र आता कोणालाच सांगता येणार नव्हतं.